फातोर्ड्याचा पाडवा

गोव्यात फुटबॉल कुणाचा, असे विचारले तर आपल्या पेडणे-डिचोली भागातील माणूस आजही पटकन सांगेल, "सासष्टीकारांचा!" आणि मग थोडे थांबून "बार्देशकारांचाही" असे जोडेल. आपल्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, कबड्डी आणि व्हॉलीबॉल. भातकापणी झाली की कुणगे मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी तेथे स्टंप रोवलेले दिसतात. मुली लंगडी आणि खो-खो खेळतात, पण त्याही साधारण आठवीपर्यंत. पुढे त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवतात. हे असेच चालायचे, असे शाळेत आणि घरीही धरून चालले जाते.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो २६ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्या दिवशी पेडण्याच्या आपल्या शाळेतील एकोणीस आणि डिचोलीच्या शाळेतील अकरा अशा तीस मुलींना घेऊन आम्ही मडगावजवळच्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गेलो. निमित्त होते सतरा वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषक स्पर्धेतील उपांत्य सामन्यांचे. आम्ही म्हणजे पाच शिक्षक आणि हौसेने सोबत आलेल्या चार माता. त्या सहलीचा वृत्तांत सहलवहीत तेव्हाच लिहून ठेवला होता. परंतु त्यातून पुढे जे घडले आणि जे अजून घडायचे आहे, ते विद्यार्थी, पालक आणि संस्थेचे विश्वस्त या सर्वांसमोर यावे म्हणून हा लेख.

ही स्पर्धा भारतात होणे सोपे नव्हते. ती मुळात २०२० मध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती २०२१ वर गेली आणि मग रद्दच झाली. २०२० साठी तयारी केलेल्या अनेक मुली तोवर सतरा वर्षांची मर्यादा ओलांडून गेल्या. त्यांचा विश्वचषक कायमचा हुकला. पुढे भारताला २०२२ चे यजमानपद मिळाले, तर ऑगस्टमध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. दहा-अकरा दिवसांनी ते निलंबन उठले आणि स्पर्धा वाचली. सोळा देश आणि भुवनेश्वर, नवी मुंबई व गोवा अशी तीन ठिकाणे ठरली. दोन्ही उपांत्य सामने आपल्या गोव्याच्या वाट्याला आले.

यापूर्वी २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हाही फातोर्डा हे एक यजमान मैदान होते. इराणने जर्मनीला ४-० असे हरवले ते याच मैदानावर. इंग्लंडच्या रायन ब्रूस्टरने उपउपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध तीन गोल केले तेही येथेच. त्या वेळी शाळेतील काही मुलगे पालकांबरोबर सामने पाहून आले होते आणि महिनाभर त्याच गप्पा मारत होते. मुलींची पाळी पाच वर्षांनी आली.

पालकसभा झाली तेव्हा प्रश्नांचा पाऊस पडला. पहिली अडचण तारखेची. २६ ऑक्टोबर म्हणजे दिवाळीचा पाडवा. आपल्याकडे तो गोरवांचा पाडवा. सकाळी गुरांना न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, गळ्यात झेंडूच्या माळा घालायच्या. त्यातच त्या वर्षी आदल्या दिवशी सूर्यग्रहण आल्यामुळे सगळा सण पुढे सरकलेला, आणि कित्येक घरी त्याच दिवशी भाऊबीजही होती. दुसरी अडचण वेळेची. पहिला सामना दुपारी साडेचारला आणि दुसरा रात्री आठला, म्हणजे घरी यायला मध्यरात्र. तिसरी अडचण कुणी उघड बोलत नव्हते, पण एका आजोबांनी बोलून टाकली. "चेडवांनी फुटबॉल बघून करायचे काय? खेळणार थोड्याच आहेत?"

त्यावर सभेत क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एका आईने उभे राहून उत्तर दिले, "मालिका बघतात तेव्हा त्या नट्या होणार म्हणून बघतात काय? बघूदेत की!" सभागृह हसले आणि सह्यांचा कागद फिरू लागला. गुरांची पूजा सकाळी आटोपून अकरा वाजता निघायचे, भाऊबीज कुणी सकाळी लवकर तर कुणी दुसऱ्या दिवशी करायची, आणि रात्री प्रत्येक मुलीला तिच्या दारात सोडायचे, असे ठरले.

निघण्यापूर्वी शाळेत दोन तास घेतले. पहिला तास नियमांचा. ऑफसाईड समजावताना खडूने फळा भरला, तरी डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी बाकांवरच्या मुलींना उठवून वर्गातच बचाव फळी उभी केली, तेव्हा कुठे ते गणित सुटले.

दुसरा तास इतिहासाचा होता आणि तो आम्हालाही नवे काही शिकवून गेला. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये, शिवोली गावात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी तो आणला असे सांगितले जाते. शिवोली म्हणजे शापोरा नदीचा पलीकडचा काठ आणि आपले चोपडे हा अलीकडचा. पूल होण्याआधी फेरीबोटीने दहा मिनिटांत जाता येई. म्हणजे हा खेळ सासष्टीत पोहोचण्याआधी आपल्या पेडणे तालुक्याच्या दारात येऊन थांबला होता! मग नदी ओलांडायला त्याला इतकी वर्षे का लागली?

याचे उत्तर नकाशात आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग त्यांच्याकडे आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. जुन्या काबिजादींत प्रत्येक चर्चजवळ शाळा असे, संगीताचे शिक्षण असे आणि चर्चसमोर मोकळे मैदान असे. फुटबॉल त्या शाळांमधून आणि मैदानांवरून गावोगाव गेला. आपल्याकडे त्या काळी मुले देवळाच्या पडवीत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर बसून मराठी धुळाक्षरे गिरवीत होती. भजन, नाटक, दशावतार हे तेथून फुलले. चेंडू मात्र आला नाही, कारण तो आणणारी वाटच नव्हती. त्यात कुणाच्या धर्माचा वा जातीचा दोष नाही. खेळ त्याला नेणाऱ्या माणसांबरोबर प्रवास करतो, एवढेच.

मात्र याच कहाणीची दुसरी बाजूही आहे. गोव्याचा फुटबॉल देशभर गाजवला तो साळगावकर, डेंपो, सेझा अशा क्लबांनी. ही नावे खाण उद्योगातली आहेत आणि त्यांच्या खनिजाचा मोठा वाटा डिचोली तालुक्याच्या डोंगरांतून निघाला. डेंपो क्लबची सुरुवात तर १९६० च्या दशकात डिचोलीचेच नाव लावणाऱ्या क्लबातून झाली. त्याच डेंपोने पुढे राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद पाच वेळा मिळवले. साखळीला जुन्या खाणीच्या जागेवर झाडे लावून सावरलेल्या जमिनीत सेझाची फुटबॉल अकादमी उभी राहिली. ती १९९९ मध्ये सुरू झाली. तेव्हा मुलींना आम्ही सांगितले, "हा खेळ सासष्टीत वाढला खरा, पण त्याचा खुराक आपल्या तांबड्या मातीतून गेला आहे."

हे ऐकून डिचोलीची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आमच्या बाबांचा टिपरपण फुटबॉल खेळलो म्हणायचा!" सगळ्या हसल्या. हसलो आम्हीही, पण तिच्या घरची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. तो टिपर तेव्हापासून अंगणात उभा होता. वडील म्हापशाला एका दुकानात कामाला जात. सहलीचे पैसे त्यांनी तीन हप्त्यांत आणून दिले आणि दर वेळी पावती मागून घेतली.

पाडव्याच्या सकाळी मुली आल्या त्या हातात डबे घेऊन. दुधातले फोव, गुळातले फोव, ताकातले फोव, कुणाकडे शंकरपाळ्या, कुणाकडे नेवऱ्या. एकीच्या हाताला गायीची शिंगे रंगवल्याचा लाल रंग तसाच होता. धारगळ ओलांडून कोलवाळच्या पुलावर बस आली आणि गाणी सुरू झाली. म्हापशाला डिचोलीच्या मुली बसमध्ये चढल्या. पहिला अर्धा तास दोन्ही शाळा आपापल्या बाजूला बसून होत्या. पर्वरीपर्यंत फोवांचे डबे फिरले आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर कोण कुठल्या शाळेची ते सांगता येईना. पुलावरून खाली नदी दिसत होती. मांडवीतून एकेकाळी खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जात, हे डिचोलीच्या मुलींना घरी ऐकून माहीत होते. पेडण्याच्या मुलींना ते त्यांनीच समजावून सांगितले.

आगशीला जुवारी नदीवर नव्या पुलाचे उंच खांब आणि दोर उभे दिसत होते. तो पूल सुरू व्हायला अजून दोन महिने होते, त्यामुळे जुन्या पुलावरून रांगेत हळूहळू जावे लागले. कुठ्ठाळी, वेर्णा, नुवे करीत अडीचच्या सुमारास मडगाव आले. पेडण्याहून साठ-पासष्ट किलोमीटरांचा हा प्रवास. गोवा एवढासा, पण तीसपैकी नऊ मुलींनी मडगाव पहिल्यांदाच पाहिले. सातासमुद्रापारची टोपणनावे त्यांना पाठ होती, आणि आपल्याच राज्याचे दुसरे टोक त्यांना परके होते.

मडगाव हे समुद्राजवळचे शहर, कोलवाचा किनारा तेथून पाच-सहा किलोमीटरवर. समुद्र दाखवा म्हणून मुलींनी हट्ट धरला, पण वेळ नव्हता. "हरमल, मोरजी, केरी असे किनारे उशाला घेऊन झोपणाऱ्यांनी कोलवा कशाला बघायचा?" असे म्हणून त्यांची समजूत घातली. मार्केटमध्ये चवथीसारखी गर्दी होती. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोरून बस गेली. रस्त्याच्या कडेला स्पर्धेचे फलक लागले होते. त्यावर मुलींचेच चेहरे, चेंडूमागे धावणाऱ्या मुलींचे.

फातोर्ड्याचे स्टेडियम १९८९ मध्ये बांधले गेले. सुरुवातीच्या काळात तेथे क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही झाले, हे सांगितल्यावर आमच्या मुलींना ते एकदम जवळचे वाटू लागले. आत जाताना पिशव्या तपासल्या, पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवाव्या लागल्या. फोवांचे डबे बसमध्येच राहिले याचे सर्वांना फार दुःख झाले. जिना चढून वर आलो आणि समोर ते हिरवे मैदान पसरले. मुली गप्प झाल्या. टीव्हीवर मैदान लहान दिसते. प्रत्यक्षात ते केवढे असते आणि त्यावर नव्वद मिनिटे धावायचे म्हणजे काय, हे पायऱ्यांवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला सामना कोलंबिया आणि नायजेरिया यांच्यात. राष्ट्रगीतांसाठी मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या दहावीतली एक हळूच म्हणाली, "बाई, ही तर आमच्याच वयाची गो!" आणि पंच? मधली पंच बाई, दोन्ही कडांना झेंडे घेतलेल्या बाया. मुलींनी बोटे मोजून खात्री करून घेतली की मैदानात एकही पुरुष शिट्टी वाजवत नव्हता.

आम्ही त्यांना आधीच एक नाव सांगून ठेवले होते, लिंडा कायसेदो. कोलंबियाची ही खेळाडू तेव्हा सतरा वर्षांची होती. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि ती पुन्हा मैदानावर आली. २०२२ च्या जुलैमध्ये दक्षिण अमेरिकेच्या महिला स्पर्धेत, म्हणजे मोठ्या बायकांच्या स्पर्धेत, ती सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. चेंडू तिच्या पायाशी आला की आमची पूर्ण रांग उभी राही. पलीकडे नायजेरियाच्या मुली वेगाने आणि ताकदीने तिच्या वाटा अडवत होत्या. आमच्या निम्म्या मुली कोलंबियाच्या झाल्या, निम्म्या नायजेरियाच्या. पुढच्या रांगेत मडगावकडचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते दर वेळी मागे वळून कोकणीतून समजावून सांगत, "आतां पळे, ती चेंडू मागीर दितली." त्यांच्या तरुणपणी ते आपल्या गावाच्या संघातून खेळले होते. आमच्या मुली पेडण्या-डिचोलीहून आल्या हे कळल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "इतल्या पयसुल्यान? पाडव्या दिसा?" त्यांनी विकत घेतलेले शेंगदाणे मग रांगभर फिरले.

नव्वद मिनिटे संपली तरी गोल नाही. या वयोगटात जादा वेळ खेळवत नाहीत, थेट पेनल्टी असतात. दोन्ही संघांच्या मुली मैदानाच्या मध्यभागी खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या. एकेकीने चालत जायचे आणि एकटीने चेंडू मारायचा. पाच फटके झाले, बरोबरी. मग एकेक फटका. शेवटी ६-५ असे म्हणत कोलंबिया जिंकली. फिफाच्या कोणत्याही स्पर्धेत कोलंबियाच्या कुठल्याही संघाने, पुरुषांच्या वा महिलांच्या, अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ होती, असे नंतर वाचले. त्या देशाच्या पुरुषांना जमले नव्हते ते या मुलींनी फातोर्ड्यात केले.

एका बाजूला नाच चालला होता आणि दुसऱ्या बाजूला नायजेरियाच्या मुली गवतावर बसून रडत होत्या. आमच्या मुलींपैकी काहींचे डोळे भरून आले. "एवढ्या खेळल्या, आणि एका चेंडूने गेले?" असे एकीने विचारले. त्यावर त्यांना टांझानियाची गोष्ट सांगितली. या स्पर्धेत टांझानियाचा संघ प्रथमच आला होता. पहिल्या सामन्यात याच मैदानावर जपानने त्यांना ४-० ने हरवले. तीन दिवसांनी याच मैदानावर त्यांनी फ्रान्सला २-१ ने हरवले आणि पुढे उपउपांत्य फेरीत मजल मारली. हरणे म्हणजे संपणे नव्हे, हे आपण वर्गात सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. येथे ते गुणफलकावर लिहिलेले होते.

दुसरा सामना स्पेन आणि जर्मनीचा. दिवे लागले, वारा सुटला. हा सामना आमच्या मुलींनी निराळ्या नजरेने पाहिला. आता कोण जिंकते यापेक्षा कोण कुठे उभे राहते ते त्या पाहू लागल्या. एक मुलगी तर वहीच्या पाठच्या पानावर बाण काढीत होती. हाही सामना गोलाविना पेनल्टीकडे जाणार असे वाटत असताना अगदी अखेरीस स्पेनने गोल केला आणि स्पेन १-० ने जिंकली. पुढे ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियालाही १-० ने हरवून चषक नेला. लिंडा कायसेदो २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील मोठ्या महिला विश्वचषकात खेळली आणि जर्मनीविरुद्ध तिने गोल केला. तो सामना शाळेत मोबाईलवर पाहणाऱ्या मुलींनी "आमची लिंडा!" म्हणून जो ओरडा केला, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू गेला.

परतीच्या वाटेवर बसमध्ये झोप लागेल असे वाटले होते, पण वेर्ण्याच्या पठारावर प्रश्न सुरू झाले. "बाई, भारताचे काय झाले?" खरे ते सांगितले. भारताच्या मुली यजमान म्हणून पहिल्यांदाच या विश्वचषकात खेळल्या. भुवनेश्वरला अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझिलने ५-० असे हरवले. आपला एकही गोल झाला नाही. संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका लहानशा गावची, मजुरी करणाऱ्या आईबापांची मुलगी. बस थोडा वेळ शांत होती. मग आमची नववीतली एक, वर्गात सहसा तोंड न उघडणारी, म्हणाली, "तिच्या गावात मैदान होते, म्हणून ती तिथपर्यंत तरी पोहोचली. आमच्या शाळेत मैदान आहे. मग आमचा संघ का नाही?"

आम्हा पाचही शिक्षकांपैकी कुणाकडे तयार उत्तर नव्हते. पुढे म्हापशापर्यंत त्याच प्रश्नावर चर्चा झाली. मुलींनी स्वतःच अडचणी मांडल्या. मैदानावर संध्याकाळी मुलगे क्रिकेट खेळतात. सुट्टीनंतर बालरथ लगेच सुटतो, तो चुकला तर घरी जायला वाहन नाही. कपडे बदलायला जागा नाही. आणि घरी काय म्हणतील?

मध्यरात्र उलटली तेव्हा बस पेडण्यात शिरली. दारोदारी आकाशकंदील पेटलेले होते. प्रत्येक दारात कुणीतरी जागे होते. सभेत प्रश्न विचारणारे ते आजोबा टॉर्च घेऊन वाटेच्या तोंडाशी उभे होते. नातीला त्यांनी विचारले, "जिंकलो कोण?" ती म्हणाली, "दोन्ही वेळां चेडवां जिंकली, आजोबा." आजोबा हसले, आणि दोघे चिखलवाटेने घराकडे गेले.

या सहलीला आता काही वर्षे झाली. त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०२३ च्या जूनपासून आठवड्यातून दोन दिवस मुलींचा फुटबॉल सुरू झाला. पहिल्या पावसात अठरा जणी आल्या. आपले मैदान चिऱ्याच्या मातीचे, पावसात राडा आणि मार्चमध्ये खडी. चेंडू खालच्या काजूच्या भाटात गेला की दहा मिनिटे शोधाशोध. गुडघे सोलवटून घरी गेलेल्या मुलींच्या आयांनी सुरुवातीला आम्हाला बोल लावले आणि नंतर हळदीची पूड डब्यातून पाठवून दिली. तालुका पातळीवरचा पहिला सामना मुली ६-० ने हरल्या, दुसरा ४-० ने, आणि तिसऱ्यात त्यांनी एक गोल केला. हरलेल्या सामन्यातल्या त्या एका गोलासाठी बालरथात पेढे वाटले गेले.

डिचोलीच्या शाळेतही संघ झाला आहे. टिपरवाल्यांची ती मुलगी तेथे गोलरक्षक होती. आता ती उच्च माध्यमिकला गेली आणि शनिवारी येऊन लहान मुलींना सराव देते. दर वर्षी पाडव्यानंतरच्या आठवड्यात दोन्ही शाळांचा मैत्रीचा सामना होतो. हार-जीत सारखीच चालली आहे आणि फोवांचे डबे दोन्हीकडून येतात.

तरीही एक आकडा आमच्या मनाला लागून आहे. सुरुवातीच्या अठरा जणींपैकी दहावीपर्यंत टिकल्या सात. ज्या गळल्या त्यांच्यापैकी बहुतेकींना खेळ नको होता असे नाही. कुणाची शिकवणी त्याच वेळेला आली, कुणाच्या घरी "आता मोठी झाली, पुरे" असे ठरले, आणि कुणाला बालरथ चुकण्याची भीती. यातली पहिली दोन कारणे पालकांच्या हातात आहेत आणि तिसरे शाळेच्या.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच, की दहावीचे वर्ष महत्त्वाचे आहे हे आम्ही शिक्षकच तुम्हाला रोज सांगतो. परंतु आठवड्यातले तीन तास मैदानावर गेल्याने आजवर एकाही मुलीचा निकाल घसरलेला आम्ही पाहिलेला नाही. मुलगी मोठी झाली हे खेळ थांबवण्याचे कारण ठरू नये. फातोर्ड्याला आपण ज्यांना टाळ्या वाजवल्या त्या सगळ्या मोठ्या झालेल्या मुलीच होत्या.

संस्थेच्या विश्वस्तांपुढे तीन मागण्या नम्रपणे ठेवीत आहोत. मंगळवार आणि गुरुवारी साडेतीन ते पाच मैदान फक्त मुलींसाठी राखावे. त्या दोन दिवशी बालरथाची एक फेरी सव्वापाचला सोडावी. आणि जुन्या ग्रंथालयामागची खोली कपडे बदलण्यासाठी द्यावी. तिला दार आहे, कडी तेवढी बसवायची आहे. कडीचे पैसे मुलींनी जमवलेले आहेत.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कुणी विश्वचषकात खेळेल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. पण शिवोलीहून नदी ओलांडायला या चेंडूला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली आहेत. आता तो आपल्या मैदानात आला आहे. मंगळवारी साडेतीनला या, बूट नसले तरी चालतील.